रंजक कडिमे

जानेवारीतली सकाळ होती. कर्नाटकाच्या हद्दीतल्या निपाणीच्या बाजारातल्या एका खताच्या दुकानासमोर उसाच्या ट्रॉल्यांची रांग अडकली होती आणि ट्रॅक्टरचा धूर थंड हवेत खालीच तरंगत होता. दुकानात युरियाचा नाकाला झोंबणारा दर्प, औषधांचा कडवट वास आणि गोणपाटाची धूळ. गल्ल्यापाशी एक आज्जा उभे होते. डोक्याला पटका, सोबत शाळेचं दप्तर पाठीवर घेतलेली दहा-अकरा वर्षांची नात. बंडीच्या खिशातून त्यांनी प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात पासबुक, आधारची झेरॉक्स आणि चार घड्या पडलेला एक कागद होता. त्यांनी फक्त तो कागद उलगडून गल्ल्यावर ठेवला. ‘ह्ये काय सांगायलंय बघा की जरा.’ मातीच्या तपासणीची आरोग्यपत्रिका होती ती, कन्नडमध्ये छापलेली. दुकानदाराने कागदाकडे पाहिलं न पाहिलं आणि विचारलं, ‘उसाची लागणच न्हवं मामा? एकराला सगळी मिळून दोन डीएपी, चार युरिया, एक पोटॅश. आत्ता एक डीएपी आन् पोटॅश न्या, बाकीचं भरणीला.’ हमाल पोती काढायला आत गेला.

आज्जांनी कागद परत घेतला आणि नातीपुढे धरला. ‘तू वाच.’ ती अक्षर अक्षर जुळवत, शाळेतल्या सुरात वाचू लागली. ‘सारजनक... मध्यम. रंजक... कडिमे. पोटॅश... हेच्चु. सतु... कडिमे.’ कडिमे म्हणजे कमी आणि हेच्चु म्हणजे जास्त, हे बाजारात उभं आयुष्य गेलेल्या माणसाला कोणी सांगायला नको. पण आज्जा मध्येच थांबले. ‘रंजक म्हंजे गं?’ पोरीने मान हलवली. ‘म्हाईत न्हाई आज्जा. आमच्या पुस्तकात न्हाई आला.’

गोष्ट एवढीशीच. पण तो ‘रंजक’ त्या दिवसापासून डोक्यातून जाईना.

कन्नडमध्ये फॉस्फरसला रंजक म्हणतात. नायट्रोजनला सारजनक, जस्ताला सतु, लोहाला कब्बिण, सेंद्रिय कर्बाला सावयव इंगाल आणि सामूला, म्हणजे पीएचला, रससार. पत्रिकेवर अशा बारा ओळी असतात. सुरुवातीला सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब, मग नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद म्हणजे फॉस्फरस, पालाश म्हणजे पोटॅश, गंधक, आणि शेवटी जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन ही चिमूटभर लागणारी मंडळी. या बारांत मराठीला आणि कन्नडला जसाच्या तसा चालणारा जुना शब्द एकच, गंधक. बाकीचे शब्द ओळखीचे वाटतात आणि नेमके तिथेच चकवतात. रंजक म्हटलं की आपल्याला करमणूक आठवते. जुन्या मराठीत रंजक म्हणजे तोफेच्या कानात भरायची बारीक दारू. इंगाल ऐकलं की इंगळ, म्हणजे रसरशीत निखारा, डोळ्यांपुढे येतो. कब्बिण म्हटलं की सीमाभागातल्या माणसाला कब्बु आठवतो, आणि कब्बु म्हणजे ऊस. ‘कब्बिण कडिमे’ हे वाक्य कानावर पडलेल्या माणसाला ऊस कमी येणार असं वाटलं, तर त्याची काय चूक?

कागद मराठीत छापला असता तर काम झालं असतं, असं पटकन वाटतं. मलाही तसंच वाटलं. पण थोडा विचार केला तर ‘स्फुरद : कमी’ या मराठी ओळीनेही त्या आज्जांचं फार काही झालं नसतं. स्फुरद हा शब्द बांधावर कोणी बोलत नाही. तो विद्यापीठाच्या घडीपत्रिकेत आणि आकाशवाणीवर राहतो. शेतात बोलतात ती खतांची नावं, डीएपी, अठरा-सेहेचाळीस, सुपर, दाणेदार, काळं खत. स्फुरदाचं काम मात्र आज्जांना पक्कं ठाऊक असणार. उसाच्या डोळ्याला मुळ्या नीट सुटल्या नाहीत, फुटवे धरले नाहीत, पान जांभळट-निळसर दिसायला लागलं की ‘खालनं जोर न्हाई’ असं या भागात म्हणतात. प्रयोगशाळेला जे आकड्यात कळलं होतं ते आज्जांना डोळ्यांनी कळत होतं, आणि नातीला ते वाचता येत होतं. तिघांच्या मध्ये फक्त एक शब्द आडवा पडला होता.

शब्दाच्या पुढचा अडथळा मापांचा. पत्रिकेवरचा आकडा हेक्टरी किलोत असतो, खत मिळतं पोत्यात, आणि शेत असतं एकरात, नाहीतर गुंठ्यांत. हा हिशेब एकदा तरी पुरा करून पाहावा म्हणजे त्यात काय दडलंय ते कळतं. उसासाठी धारवाडच्या कृषी विद्यापीठाची सर्वसाधारण शिफारस हेक्टरी २५० किलो नत्र, ७५ स्फुरद, १९० पालाश. अडीचने भागलं की एकरी १००, ३० आणि ७६. आज्जांच्या कागदावर नत्र मध्यम, म्हणून ते तेवढंच ठेवायचं. स्फुरद कमी म्हणून पाव हिस्सा वाढवायचं, साडेसदतीस झालं. पालाश भरपूर म्हणून पाव हिस्सा कमी करायचं, ५७ उरलं. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात २३ किलो स्फुरद आणि ९ किलो नत्र असतं, म्हणजे साडेसदतीस किलोसाठी ८२ किलो डीएपी, एक पोतं आणि वर ३२ किलो. त्यातून पावणेपंधरा किलो नत्र आलंच. राहिलेल्या ८५ किलोसाठी युरिया. युरियाचं पोतं आता ४५ किलोचं आहे, ५० चं नाही, त्यात २०.७ किलो नत्र. चार पोती आणि पाच किलो लागतील. पोटॅशच्या पोत्यात ३० किलो पालाश, म्हणून दोन पोत्यांना पाच किलो कमी. हा सगळा हिशेब कागदाच्या कोपऱ्यावर मावतो, पण त्यासाठी सहा आकडे तोंडपाठ लागतात आणि त्यातला एकही पत्रिकेवर या रूपात छापलेला नसतो.

आता दुकानदाराचा ठोकताळा याच तराजूत घालून बघा. दोन डीएपी, चार युरिया, एक पोटॅश म्हणजे जवळजवळ १०१ किलो नत्र, ४६ स्फुरद, ३० पालाश. नत्र अगदी बरोबर, स्फुरद थोडं जास्त, पालाश निम्म्याच्या आसपास. हे आकडे कुठे पाहिलेत याचा विचार करत होतो तेव्हा लक्षात आलं. महाराष्ट्रातली ‘सुरू’, म्हणजे हिवाळ्यात लावलेल्या, उसाची शिफारस हेक्टरी २५०, ११५, ११५ आहे. एकरी १००, ४६, ४६. दोन डीएपी, चार युरिया, दीड पोटॅश. काळ्या रानात पालाश असतंच म्हणून अर्धं पोतं कोणीतरी कधीतरी कमी केलं असणार. निपाणीपासून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर आणि धारवाड दीडशेच्या घरात. तिकडचे पाहुणे, तिकडचे कारखाने, तिकडची मराठी घडीपत्रिका. महाराष्ट्रातलं राहुरीचं कृषी विद्यापीठ १९६८ चं, धारवाडचं १९८६ चं. त्या दुकानदाराच्या तोंडात राहुरीची शिफारस बसली होती, आणि आज्जांच्या हातातल्या कागदावर धारवाडची होती. वेदगंगेच्या काठची माती मात्र दोन्ही बाजूंना तीच.

यात कोणाचं विद्यापीठ चुकलं असं नाही. शिफारस निघते ती आपापल्या संशोधन केंद्रांवर वर्षानुवर्षं केलेल्या प्रयोगांतून आणि मग मोठ्या विभागासाठी सरासरी काढून. सरासरी कुठेतरी थांबवावी लागते, ती राज्याच्या हद्दीवर थांबते. मला खंत वाटते ती याची, की सीमेलगतच्या माणसासाठी दोन्ही सरासऱ्या समोरासमोर ठेवून ‘तुमच्या पट्ट्यात हे असं धरा’ असं सांगणारं कोणी दिसत नाही. ते काम शेवटी दुकानदार करतो, आणि त्याला त्यातून पोतं विकायचं असतं. तरीही त्या दिवशी, पालाश सोडलं तर, तो पोत्यांच्या हिशेबात फारसा चुकला नव्हता. हे मान्य करताना बरंही वाटतं आणि वाईटही.

तो चुकला ते पुढच्या ओळीत. ‘सतु कडिमे.’ जस्त कमी. मातीत दहा लाख भागांत ०.६ भागांपेक्षा जस्त कमी असलं की पीक त्याची कमतरता दाखवायला लागतं, आणि चुनखडीच्या काळ्या रानात ते हटकून होतं. जस्त मातीत असतं, पण सामू आठच्या वर गेला की ते मुळाला सापडत नाही. लोहाचंही तसंच. उसाची कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून मधूनच पिवळी-पांढरी पडतात, त्याला आपल्याकडे केवडा पडणं म्हणतात. तो पाहिला की माणूस युरिया टाकतो, कारण पिवळं म्हणजे नत्र कमी हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. उपाय महाग नाही. एकरी १० किलो झिंक सल्फेट, लोह कमी असेल तर १० किलो फेरस सल्फेट. पण ते पोत्यातून काढून सरळ सरीत फेकायचं नाही. चांगल्या कुजलेल्या शेणखतात एकास दहा प्रमाणात मिसळायचं, ओल धरेल एवढं पाणी शिंपडायचं, पाच-सहा दिवस गोणपाटाखाली मुरू द्यायचं आणि मग सरीत द्यायचं. आणि डीएपीबरोबर एकाच घमेल्यात तर मुळीच कालवायचं नाही. जस्त आणि स्फुरद एकमेकांना धरून बसतात आणि पिकाला दोन्ही मिळत नाहीत. मजूर एकदाच लावायचा म्हणून सगळं एकत्र करून टाकणारे कितीतरी असतात. पैसे खर्च होतात, पिकात फरक दिसत नाही, आणि मग ‘ते जस्त-बिस्त काही खरं न्हाई’ असा शेरा गावभर होतो.

स्फुरदाचीही अशीच खोड आहे. नत्र पाण्याबरोबर वाहतं, म्हणून ते चार हप्त्यांत द्यायचं. लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १०, मोठ्या भरणीला, म्हणजे उसाला मातीची भर लावताना, ४०. लागणीला एक पोतं डीएपी घातलं की पहिला हप्ता त्यातच भागतो, वेगळा युरिया लागत नाही. स्फुरद मात्र जिथे पडलं तिथेच बसतं. निम्मं लागणीच्या वेळी सरीत, बेण्याच्या खाली मातीआड गेलं पाहिजे. उगवणीनंतर वरून उधळलेलं डीएपी वरच्याच दोन बोटांत राहतं आणि मुळ्या खाली असतात. शिवाय ‘रंजक कडिमे’ हे दोन शब्द निपाणीत आणि बेळगावच्या खानापुरात एकाच अर्थाचे नाहीत. निपाणी-चिकोडीच्या चुनखडी रानात स्फुरदाला कॅल्शियम धरून ठेवतो. खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबीच्या बाजूला, धो-धो पावसाने धुतलेल्या तांबड्या आम्ल मातीत त्याला लोह आणि ॲल्युमिनियम धरून ठेवतात. तिथे आधी चुना लागतो, आणि किती लागतो ते सामूच्या आकड्यावरून अंदाजाने ठरवायचं नसतं, त्यासाठी चुन्याच्या गरजेची वेगळी तपासणी असते. तो चुना शेणखताबरोबर किंवा युरियाबरोबर एकाच वेळी टाकला तर नत्र अमोनिया होऊन हवेत जातं, म्हणून काही आठवडे आधी. प्रयोगशाळेतही दोन्ही मातींना स्फुरदासाठी वेगळी पद्धत लावायची असते, काळीला ऑल्सनची आणि आम्ल तांबडीला ब्रेची. सगळ्या नमुन्यांना एकच द्रावण लावलं तर आकडा येतो, पण तो त्या मातीचा नसतो.

आणि मुळात तो नमुना कोणाच्या रानातला?

केंद्र सरकारची ही मृदा आरोग्य पत्रिकेची योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली तेव्हा नमुन्यासाठी चौकटी ठरल्या होत्या, बागायतीत अडीच हेक्टरला एक नमुना, जिरायतीत दहा हेक्टरला एक. अडीच हेक्टर म्हणजे सव्वासहा एकर. निपाणी-बेळगाव पट्ट्यात तेवढ्यात पाच-सहा खातेदार सहज बसतात. एकाच्या रानातली माती, आणि पत्रिका सगळ्यांच्या नावावर. खानापूरच्या जिरायत रानात तर पंचवीस एकरांना एक पत्रिका, आणि तिथे वरच्या माळाची मुरमाड आणि खालच्या भाताच्या खाचराची माती यांत काहीच सारखं नसतं. देशभर कोट्यवधी पत्रिका द्यायच्या तर काहीतरी चौकट लागणार, हे कळतं. पण हातात पडलेल्या कागदावर आपलं नाव आहे आणि माती शेजाऱ्याची आहे हे ज्याला माहीत नाही, तो त्या कागदाला आपलं म्हणून जपतो. चार घड्या घालून, पासबुकाशेजारी.

म्हणून ज्याला खरंच जाणून घ्यायचंय त्याने स्वतः नमुना काढावा. एका सारख्या दिसणाऱ्या तुकड्याचा एक नमुना. रंग बदलला, उतार बदलला, मागचं पीक वेगळं असलं की वेगळा. नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणं धरायची. वरचा पालापाचोळा हाताने बाजूला करायचा, खुरप्याने इंग्रजी ‘व्ही’सारखा वीतभर खोल खड्डा घ्यायचा आणि त्याच्या एका बाजूची दोन बोटं जाडीची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडायची. उसासाठी खोली फूटभर. सगळी माती गोणपाटावर नको, स्वच्छ कापडावर ओतायची, ढेकळं फोडायची, ढिगाचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, पुन्हा मिसळायचं, पुन्हा चार भाग, अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवायची, उन्हात नाही. कापडी पिशवीत भरून आत चिठ्ठी पेन्सिलीने लिहायची, कारण ओलीने शाई पसरते. बांध, झाडाखालची जागा, गोठ्याजवळची, उकिरड्याची, पाणी साचणारी जागा सोडायची. खत टाकून दोन-तीन महिने झाले नसतील तर थांबायचं. जस्त बघायचं असेल तर पत्र्याच्या बादलीला हात लावायचा नाही, त्या पत्र्याला जस्ताचाच मुलामा असतो. आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे युरियाच्या रिकाम्या पोत्यात माती भरणं. त्या पोत्याने दाखवलेलं नत्र रानात शोधून सापडत नाही.

एवढं सगळं एखाद्या गावात उभं राहून, माती हातात घेऊन, मराठीत आणि कन्नडात सांगायला एक सकाळ पुरते. बेळगाव जिल्ह्यात दोन कृषी विज्ञान केंद्रं आहेत, एक मत्तीकोपला आणि एक तुक्कानट्टीला. देशातलं पहिलं १९७४ मध्ये पुदुच्चेरीला निघालं तेव्हाचा विचार हाच होता, की शिकणं करून बघण्यातून व्हावं. संकेश्वरला उसाचं केंद्र आहे, निपाणीला बिडी तंबाखूचं, गणेशपूरला साखरेची संस्था. बेळगावला तंत्रज्ञानाचं विद्यापीठ १९९८ पासून, राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० पासून. ज्ञानाची वानवा या जिल्ह्यात नाही. कृषी विद्यापीठाच्या कामाचे तीन पाय सांगतात, शिक्षण, संशोधन आणि विस्तार, म्हणजे ते शेतकऱ्यापर्यंत नेणं. पहिल्या दोहोंची मोजणी पदव्यांनी आणि शोधनिबंधांनी होते. तिसऱ्याची मोजणी मेळावे किती, हजेरी किती, पत्रिका किती वाटल्या यावर. आज्जांच्या खिशातली पत्रिका त्या मोजणीत कधीच ‘पोचली’ म्हणून लागून गेलेली असणार. रंजक म्हणजे डीएपीतलं ते, हे सांगायला लागणारी दोन मिनिटं कुठल्याच रकान्यात बसत नाहीत, म्हणून ती कोणाच्या दिवसातही बसत नाहीत.

बियाणाचं बरं असतं. त्याला भाषांतर लागत नाही. कृष्णाकाठी सोयाबीनवर तांबेरा येऊ लागला तेव्हा दोन्ही बाजूंच्या विद्यापीठांनी त्याला तोंड देणारे वाण शोधले. धारवाडने डीएसबी २१ दिलं, सांगलीजवळच्या कसबे डिग्रजच्या केंद्रातून फुले संगम आलं. वारं तांबेऱ्याचे बीजाणू नेतं तसंच पाहुणेरावळे बियाणं नेतात. लेकीच्या सासरहून पायलीभर आणलेलं बी दोन हंगामांत एकरभर होतं, आणि ज्या प्राध्यापकाने त्यासाठी वर्षं घातली त्याचं नाव कोणाला ठाऊक नसलं तरी त्याचं काम शेतात उभं असतं. वर्षानुवर्षांची मेहनत त्या एका दाण्यात बसते, कागद वाचावा लागत नाही. तरी त्या दाण्याबरोबरही चार गोष्टी जायला हव्यात. सोयाबीनचं टरफल पातळ, पोतं वरून आपटलं तरी गर्भ दुखावतो. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ओळीने मांडून गुंडाळी करून ठेवावी, पाच-सात दिवसांनी मोजावं. सत्तरच्या वर निघाले तर एकरी ३० किलो, कमी निघाले तर त्या प्रमाणात बी वाढवावं. गुंडाळी फक्त ओलसर हवी, पाणी गळणारी नको, नाहीतर बी कुजतं आणि चांगलं बियाणं उगाच बदनाम होतं.

उसाची मुळं खाणाऱ्या हुमणीचं याच्या उलट. तिथे दाणा नाही, औषधाची बाटलीही फारशी उपयोगाची नाही, नुसती माहिती आणि ती वेळेवर हवी. ऊस सप्टेंबरात वाळायला लागतो, ठोंब हातात उपसून येतो, खाली पांढरी, इंग्रजी ‘सी’सारखी वाकलेली अळी दिसते. तेव्हा फार उशीर झालेला असतो. वेळ असते ती मे-जूनमधली, वळिवाचे पहिले एक-दोन चांगले पाऊस पडल्यावरची संध्याकाळ. दिवेलागणीला भुंगेरे जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्यावर पाला खायला आणि मिलनाला बसतात. पहाटे पुन्हा मातीत. अंधार पडल्यावरच्या तीन-चार तासांत फांद्या हलवायच्या, खाली पडलेले भुंगेरे रॉकेल घातलेल्या पाण्याच्या बादलीत. एक मादी पन्नास-साठ अंडी घालते, म्हणून त्या रात्री धरलेली एक मादी म्हणजे सप्टेंबरातल्या तेवढ्या अळ्या. मेटारायझियम ही बुरशीही चांगलं काम करते, पण तिला शेणखत आणि ओल लागते; कोरड्या रानात उन्हात टाकली तर ती अळी गाठायच्या आधीच मरते. आणि हे एकट्याने करून भागत नाही. भुंगेरा फार लांब उडत नाही, पण बांध ओलांडायला त्याला कष्ट नाहीत. सीमेवर काही ठिकाणी ओढ्याच्या अलीकडचं रान कर्नाटकात आणि पलीकडचं महाराष्ट्रात आहे. अलीकडच्यांनी झाडं झोडपायची रात्र ठरवली, पण पलीकडच्या कडुनिंबावर भुंगेरे निवांत बसलेले. दोन कार्यालयं, दोन मोहिमा, आणि पाऊस मात्र दोघांवर एकाच संध्याकाळी पडतो. अशा गावांत हे जमतं तेव्हा ते कोणाच्या परिपत्रकाने जमत नाही, दोन्हीकडच्या तालमीतल्या पोरांनी एकमेकांना फोन केला म्हणून जमतं.

कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलं खेड्यात राहायला येतात, त्यांचं पहिलं काम पाहण्यासारखं असतं. देवळासमोरच्या फरशीवर रांगोळी, हळद, वीटेची पूड, झाडाचा पाला घेऊन ती गावाचा नकाशा काढतात. विहिरी, ओढा, वाटा, कोणत्या रानात काय. विजापूर-बागलकोटकडच्या पोरांचं कन्नड मोकळं आणि मराठी दोन-चार शब्दांचं. गावातल्या म्हाताऱ्यांची गत त्याच्या उलट. तरी नकाशा होतो, कारण बोट दाखवायला भाषा लागत नाही. ‘ओढा हिकडनं न्हाई बाळ, हिकडनं. आन् ह्या कोपऱ्याला चोपण हाय, तितं काय येत न्हाई.’ पोरगं रांगोळी पुसून पुन्हा ओढतं. त्या घटकेला ज्ञान दोन्हीकडून वाहत असतं, मला तो सगळा प्रकार फार आवडतो. मग नकाशाचा फोटो निघतो, अहवालात जातो, गुण मिळतात. दुसऱ्या दिवशी पुजारी फरशी धुतो. तो चोपण, म्हणजे घट्ट-नापीक, कोपरा मात्र मातीच्या नमुन्यात येत नाही, कारण नमुना चौकटीच्या मधून घेतलेला असतो. तिथे जिप्सम हवं की आधी चर काढून पाणी बाहेर घालवायला हवं, हे सामू आणि क्षारता दोन्ही पाहिल्याशिवाय ठरत नाही. नुसती खारवट असलेल्या जमिनीत जिप्सम घालून पैसे बुडवलेले लोक कृष्णाकाठी कमी नाहीत. कोपरा म्हाताऱ्याला माहीत, उपाय विद्यापीठाला माहीत, आणि दोघांची गाठ पडली होती ती रांगोळी पुसली जाईपर्यंत.

त्या सकाळी दुकानातला हमाल पहिलं पोतं पाठीवर घेऊन बाहेर आला. आज्जा कागदाची घडी घालत होते. नात तेवढ्या वेळात भिंतीवरचा एक कन्नड तक्ता वाचत उभी होती, खताच्या जाहिरातीचाच, कोपऱ्यात फाटलेला. त्यावर उसाचे दोन ठोंब काढले होते. एकाला झुपकेदार मुळ्या, दुसऱ्याला चार-दोन केस. ती एकदम टाचा उंचावून दुसऱ्या ठोंबाखालच्या अक्षरांवर बोट ठेवून म्हणाली, ‘आज्जा, ह्ये बघ. रंजक! हितं बी कडिमे लिवलंय.’

आज्जांनी मान वर केली. चित्रातल्या मुळ्यांकडे बघितलं, मग हमालाच्या पाठीवरच्या डीएपीच्या पोत्याकडे. ‘मुळ्या सुटंनात त्ये व्हय,’ ते म्हणाले. ‘मग तसं सांगायचं की.’ घडी घातलेला कागद त्यांनी पुन्हा उलगडला, बोट एक एक ओळ खाली सरकवलं आणि जस्ताच्या ओळीवर आणून थांबवलं.

‘आता ते सतु कुठं हाय बघ.’

पोरगी पुन्हा तक्त्याकडे वळली.